नावाचं लॉ कॉलेज की पूर्ण शिष्यवृत्ती?



मृग लागला, नांगर बाहेर निघाले, आणि त्याच आठवड्यात आपल्या भागातल्या एका घरी दोन पत्रं आली. घरची मुलगी आश्रमशाळेत शिकली, यंदा बारावी पास झाली. तिला वकील व्हायचं आहे. पहिलं पत्र बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलचं. प्रवेश परीक्षा देऊन तिला राखीव जागा मिळाली आहे. दुसरं पत्र जिल्ह्याजवळच्या शहरातल्या एका लॉ कॉलेजचं. तिथं एक ट्रस्ट तिचा पाच वर्षांचा खर्च उचलायला तयार आहे. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. बंगलोरचं नाव देशभर मोठं, पण खर्चातला बराच भाग घरानं सोसायचा. इथलं नाव तालुक्याबाहेर फार कुणाला माहीत नाही, पण घरचा पैसा लागत नाही.

मुलीचं नाव घरच्यांनी छापू नका म्हटलं, म्हणून छापत नाही. पण गोष्ट सगळ्या पाड्यांवर पोचली आहे. गेल्या दोन मीटिंगांत प्लॉटांचे विषय संपले की लोक यावरच बोलत बसले. कोणी म्हणालं, "एवढी मोठी शाळा मिळाली ती सोडायची? आपले पोरांनी कायम हलकंच घ्यायचं का?" कोणी म्हणालं, "पोयरीची जात, एवढे लांब कशाला धाडता?" कोणी म्हणालं, "फुकट मिळतंय ते घ्या नि गप बसा." हे सगळं बोलणं नीट तपासलं पाहिजे, म्हणून या अंकाचं पहिलं पान त्याला दिलं आहे.

आधी हे बघू की आपल्याला वकील लागतो कशाला. १९७४ च्या जमीन परतीच्या कायद्यात ९अ हे कलम आहे. त्याप्रमाणे कलेक्टर, कमिशनर आणि महसूल न्यायाधिकरण यांच्यासमोर वकिलाला उभंच राहता येत नाही. सावकाराच्या पैशापुढं आदिवासी दबू नये म्हणून हे कलम घातलं. सुप्रीम कोर्टानं १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात हा कायदा आणि हे कलम, दोन्ही कायम ठेवले. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी तहसील कचेरीत आपली केस आपल्या तोंडानं सांगितली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात कुणाच्या हातून जमीन कशी गेली, अंगठा कुठं घेतला, धान्य किती दिलं, हे त्यांच्याइतकं कोणता वकील सांगणार होता?

पण हुकूम आपल्या बाजूनं झाला की समोरचा मुंबईला हायकोर्टात जातो. तिथं ९अ चालत नाही. तिथलं काम इंग्रजीत. स्टे मिळतो, तारखा पडतात, आणि आपला माणूस बाहेरच्या बाकावर बसून विचारतो, आत काय झालं? सातबारा त्याच्या नावावर यायचा तो कपाटात अडकून राहतो.

जंगलजमिनीचंही तसंच. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात हुकूम दिला की जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते, मग मालकी कुणाचीही असो. त्याच महिन्यात २४ तारखेला पेसा कायदा झाला आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार मिळाले. बारा दिवसांत एक कागद असा आणि एक तसा. गार्ड येतो तेव्हा पहिला कागद दाखवतो. दुसरा कागद आपणच दाखवायचा असतो. १९९७ च्या जुलैत समथा खटल्यात आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रातली जमीन खाणवाल्या कंपन्यांना भाडेपट्ट्यानं देण्यावर सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. तो निकालही आपल्या कामाचा आहे, पण तो वाचून आपल्या प्लॉटाला लावून दाखवणारं माणूस आपल्यात अजून नाही.

सरकारी मोफत वकिलाचा हक्क आहे. १९८७ चा कायदा आहे, नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही. तो हक्क घ्याच. पण एकसाली प्लॉट म्हणजे काय, दंडाची पावती जपून का ठेवायची, जुन्या कसवणुकीचा पुरावा कुठं शोधायचा, हे त्या वकिलाला दर वेळी पहिल्यापासून शिकवावं लागतं.

आता बंगलोरचं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते लॉ स्कूल १९८८ साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमानं सुरू झालं. मुलं तिथंच राहतात, वर्षात तीन सत्रं असतात, चांगली लायब्ररी आहे. निकालपत्र पाठ करायचं नाही, त्यातलं न्यायाधीशाचं म्हणणं उलटसुलट तपासायचं, अशी शिकवण्याची पद्धत आहे. पाच वर्षं तिथं काढलेली मुलगी इंग्रजीला घाबरणार नाही. दिल्लीच्या कोर्टात तिचे वर्गमित्र असतील, एका फोनवर काम होईल. ज्यांच्या नावाला वजन असतं त्यांच्याकडचा कागद लवकर वाचला जातो, हे आपण कचेरीत रोज बघतो. हे सगळं आपल्या मुलीला मिळू नये असं कोण म्हणेल? आपल्या मुलांनी हलकंच घ्यावं हे आम्हाला मान्य नाही.

पण खर्च मोजा. फी, मेस, वर्षातून दोन-तीनदा येण्याजाण्याचं गाडीभाडं, पुस्तकं, कपडे, आजारपण. भारत सरकारची शिष्यवृत्ती आपल्या राज्याकडून मिळते आणि परराज्यात शिकायला गेलं तरी सोबत जाते. पण तिचा हप्ता केव्हा येतो हे आपल्या सगळ्या मुलांना माहीत आहे. मेसवाला हप्त्यासाठी थांबत नाही. मधला पैसा कुठून आणणार? बापानं म्हटलं, मालकीचा साग ठेकेदाराला देतो. मामा म्हणाला, शेठकडून उचल घेतो, वीटभट्टीवर फेडू.

इथं आम्ही थांबलो. उचल, पालेमोड हे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. लग्नगडीसुद्धा आपल्या आज्यापणज्यांनी भोगली. लग्नासाठी थोडे पैसे घेतले आणि नवराबायकोनं जन्मभर जमीनदाराकडे राबलं. १९४५ च्या उठावात वारल्यांनी ती मोडली. त्या लढ्यात ज्या गोदावरीताई परुळेकर लोकांबरोबर उभ्या राहिल्या त्या स्वतः कायद्याची पदवी घेतलेल्या होत्या. १९७६ च्या कायद्यानं तर वेठबिगारी बंदच आहे. आता शिक्षणासाठी तीच उचल घ्यायची? आणि ती फेडायची कुणी? वकील झाल्यावर मुलीनंच. मोठ्या शाळेतून सुटलेल्या पुष्कळ मुलांना कंपन्या बोलावतात, पगार चांगला देतात. डोक्यावर कर्ज असलेल्या मुलीनं तो पगार नाकारावा आणि आपल्या दंडाच्या पावत्या घेऊन बसावं, असं तिला कोणत्या तोंडानं सांगणार? त्यात तिचा दोष धरता येणार नाही.

म्हणून आमचं मत पूर्ण शिष्यवृत्तीच्या बाजूला झुकतं. पण "पूर्ण" हा शब्द पत्रात लिहिला म्हणून खरा मानू नका. सही करण्याआधी या गोष्टी लेखी विचारा:

१. पैसे फक्त फीचे की राहणं, जेवण, परीक्षा फी आणि पुस्तकांचेही? सुट्टीत हॉस्टेल बंद असतं तेव्हा काय?

२. पाचही वर्षांचे की दर वर्षी नव्यानं? किती टक्क्यांची अट आहे? आश्रमशाळेतून गेलेल्या मुलीला पहिल्या वर्षी इंग्रजीचा त्रास होणारच. एका पेपरात राहिली तर शिष्यवृत्ती बंद होणार का?

३. पैसे ट्रस्ट थेट कॉलेजात भरणार, की आधी आपण भरायचे आणि पावती देऊन मागायचे? आधी भरायचे असतील तर ती पूर्ण शिष्यवृत्ती नाही, तिथंही उचल लागेल.

४. बाँड आहे का? शिकून झाल्यावर किती वर्षं कुणाकडे काम करायचं? मध्येच सोडलं तर पैसे परत मागणार का?

५. ट्रस्टचे फोटो, सभा, प्रचार यांत मुलीनं उभं राहायची सक्ती आहे का? आपल्या संघटनेत यायला मनाई आहे का?

६. जातपडताळणीचा दाखला केव्हापर्यंत द्यायचा? १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून तपासणी कडक झाली आहे. वडिलांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, गावनमुन्याचे उतारे आत्ताच गोळा करा. कागदापायी मिळालेली जागा जाऊ देऊ नका.

बाँडचा मुद्दा किती मोठा आहे हे बाबासाहेबांच्या आयुष्यात दिसतं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या पैशाशिवाय ते समुद्रापार गेलेच नसते. पुढे ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. पण मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. करारापायी बडोद्याला नोकरीवर गेले, तिथं अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन बॅरिस्टरी पुरी केली. शिष्यवृत्ती घेणं चूक नव्हतं. पण तिची मुदत आणि तिची अट माणसाच्या आयुष्याला कुठं अडवू शकते, हे त्यांनी भोगलं. आपल्या मुलीनं ते सही करण्याआधी वाचावं.

आणखी एक गोष्ट, जी मीटिंगात कुणी काढली नाही. खरी ओढाताण पाच वर्षांनंतर सुरू होते. सनद काढायची, काळा कोट शिवायचा, एखाद्या सीनियरकडे बसायचं. पहिली दोन-तीन वर्षं नव्या वकिलाच्या हातात गाडीभाड्यापुरतेही पैसे पडत नाहीत. शहरातल्या वकिलांच्या मुलांना ती वर्षं बापाचं ऑफिस सांभाळतं. आपली मुलं तिथंच गळतात, कुठं कारकुनी धरतात, आणि सनद भिंतीवर टांगलेली राहते. घरचा साग आज बंगलोरसाठी तोडला तर तेव्हा काही उरणार नाही. आज शिष्यवृत्ती घेतली तर तो साग उभा राहील, वाढेल, आणि त्या तीन वर्षांना उपयोगी पडेल.

छोट्या कॉलेजात जे मिळणार नाही ते भरून काढायचं काम संघटनेचं. तिथं लायब्ररी लहान असेल, शिकवणारे अर्ध्या वेळेचे असतील, इंग्रजी कच्चं राहील. म्हणून दर सुट्टीत तिनं आपल्या खटल्यांचे कागद वाचावेत. मुंबईला आपले जे वकीलमित्र आहेत त्यांच्याबरोबर तिनं हायकोर्टात बसावं. इंग्रजीसाठी तिला पहिल्या वर्षीच शिकवणी लावावी. यातलं एकही काम मोठ्या पैशाचं नाही, पण ते पाच वर्षं न चुकता करावं लागेल.

मुलीनं लांब जाऊ नये म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो. आपल्या बाया गवत कापायला, भट्टीवर, मिठागरावर किती लांब जातात? तेव्हा कुणी अडवत नाही. आमचं मत बंगलोरच्या विरोधात आहे ते उचलीमुळे, अंतरामुळे नाही. पैशाचा चोख बंदोबस्त झाला, उचल न घेता झाला, तर तिनं बंगलोरला जावं, आम्ही स्टेशनपर्यंत सोडायला येऊ.

आणि जे म्हणतात, "आपण मदत करू, पण तिनं लिहून द्यावं की परत येऊन संघटनेचंच काम करीन," त्यांनी वरचा चौथा प्रश्न पुन्हा वाचावा. ट्रस्टचा बाँड नको आणि आपला चालेल, हे कसं? तिला परत यावंसं वाटेल असं काम आपण इथं उभं ठेवलं पाहिजे. सही कुठल्या पत्रावर करायची ते तिनं ठरवायचं आहे. आपण तिला पूर्ण माहिती द्यायची, दडपण नाही.

पुढच्या मीटिंगात तीन गोष्टी ठरवू. ट्रस्टला विचारायच्या प्रश्नांचं पत्र कोण लिहून नेणार. जातपडताळणीच्या कागदांसाठी तिच्या वडिलांबरोबर तालुक्याला कोण जाणार. आणि दर घरामागं भाताच्या हंगामात एक पायली भात वकील फंडाला द्यायचा का. हा फंड या मुलीपुरता नको. आश्रमशाळेत नववी-दहावीला आणखी मुलं आहेत, पत्रं त्यांनाही येतील. मीटिंगला येताना घरातल्या शिकणाऱ्या पोरापोरींना बरोबर आणा.

जोहार!