पट्ट्यावर नाव कोणाचे?

पाळलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर, आणि त्यास फिरवावयास नेताना हाती धरावयाच्या चामडी वादीवर, त्याचे नाव ठशांनी उमटवून देण्याची चाल विलायतेतील कारागिरांनी पुष्कळ वाढविली आहे. आता ती मुंबई-पुण्याच्या बाजारातही रुजली आहे. ग्राहकाने नाव कळवावे, अक्षरांचे वळण निवडावे, चार पैसे अधिक मोजावे, आणि ‘मोती’ किंवा ‘ब्रूनो’ ही मुद्रा धारण केलेला पट्टा घरपोच यावा. या हौसेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मुक्या जिवावर माया करणाराने त्याचे नाव कातड्यावर कोरून घेतले, तर त्यात कोणाचे काय गेले? आमचा वाद निराळा आहे. ‘हातकाम’ म्हणून ज्या वस्तूचे जादा मोल घेतले जाते, तिच्यावर कुत्र्याचे नाव असते, धन्याचे असते, दुकानाचे तर असतेच असते. ज्या हातांचे ते काम, त्यांचे मात्र बहुधा कोठेच नसते. हा केवळ विसर नव्हे. ही जुनी खोड आहे, आणि ती मोडली पाहिजे.

प्रथम ही अक्षरे उमटतात कशी, ते पाहू. प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा असतो. त्यावरील अक्षर आरशातल्यासारखे उलटे. कातडे ओले करून थोडे सुकू द्यावयाचे. वरचा रंग पूर्ववत होऊ लागला, पण आत ओल आहे, अशा वेळी ते दगडावर किंवा लोखंडी पाटावर ठेवून, ठसा सरळ धरून, लाकडी मोगरीचा एकच नेमका घाव घालावयाचा. दुसरा घाव जरा सरकला तरी अक्षरास दुहेरी कड येते. चुकलेले अक्षर खोडता येत नाही. पट्टाच वाया जातो. परंतु एवढ्याने अक्षर टिकत नाही. ते टिकण्यास कातडे झाडाच्या सालीने किंवा फळाने कमावलेले असावे लागते. अशा कातड्याचे तंतू ओलेपणी दबतात आणि सुकल्यावर तसेच राहतात. क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची कृती १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत पेटंट घेऊन व्यवहारात आणली. तिने आठवड्यांचे काम थोडक्या वेळात होऊ लागले. पण ते कातडे लवचीक, ठशाचा दाब सुटला की पुष्कळसे पूर्वस्थितीवर येणारे. तात्पर्य, ‘मोती’ ही दोन अक्षरे जी वर्षानुवर्षे राहतात, ती ठसा मारणाराच्या घटकाभराच्या कौशल्यावर जितकी, तितकीच किंवा अधिक, कुंडाशी वाकून आठवडेच्या आठवडे कातडे मुरविणाराच्या श्रमावर उभी असतात. अक्षराचा पायाच ज्याने घातला, त्याला अक्षरात जागा नाही!

कोणी म्हणतील, पट्ट्यावर नाव घालावयाचे ते कुत्रे हरवले तर सापडावे म्हणून. तेथे कारागिराचे प्रयोजन काय? प्रयोजनाचाच प्रश्न असेल, तर मोतीचेही नाव तेथे नको. काही अपवाद वगळता सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात धन्याचे नाव व पत्ता असलाच पाहिजे, असा ब्रिटनमध्ये १९९२ चा आदेश आहे. कुत्र्याचे नाव तो मागत नाही. तेव्हा कुत्र्याचे नाव कोरले जाते ते उपयोगासाठी नव्हे, आपुलकीपोटी. आणि कोणाचे नाव लिहावयाचे, कोणाचे गाळावयाचे, यात समाजाचे मन उघडे पडते. पळून जाणाऱ्या गुलामांच्या गळ्यात रोमन धनी धातूची कडी अडकवीत. त्यांपैकी चौथ्या शतकाच्या सुमाराचे एक प्रसिद्ध कडे रोमच्या संग्रहालयात आहे. पळालेल्यास धरून आणून दिल्यास सोन्याचे नाणे मिळेल, असे त्यावर सांगितले असून जोनिनस या धन्याचे नाव दिले आहे. ते ज्याच्या गळ्यात होते, त्याचे नाव नाही. आज पाळलेल्या श्वानाची स्थिती त्या मनुष्याहून बरी झाली, याचा आनंद मानू. पण पट्टा शिवणारा मनुष्य अद्याप त्या कड्यापाशीच उभा आहे, त्याचे काय?

दुसरा आक्षेप असा, की दुकानाचे नाव असते, तेच कर्त्याचे समजावे. हे कसे समजावे? कानपुरात जीन, लगाम व कुत्र्यांचे पट्टे तयार होऊन परदेशी जातात आणि तेथील पेढ्यांच्या नावाने विकले जातात. विक्रेत्याची मुद्रा ही कर्त्याची सही नव्हे. इंग्लंडात १३६३ साली कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनारास आपली स्वतंत्र खूण ठेवावयास लावली; उद्देश हा की खोट निघाल्यास जाब विचारता यावा. जाब विचारण्यापुरते तरी कर्त्याला नाव असावे, एवढे ते राजे समजत होते. एका पट्ट्यास अनेक हात लागतात, ही अडचण खरी; परंतु अनेक हात पुस्तकासही लागतात, आणि त्यावर लेखकाबरोबर मुद्रकाचेही नाव आपण छापतोच.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. मुळाशी मात्र तोच आहे. नाव आले की आडनाव आले, आणि आडनावामागून जात आली. ज्यांचा स्पर्श आपल्या वाडवडिलांनी विटाळ मानला, त्यांचे नाव दिवाणखान्यातल्या खुंटीवर टांगलेले चालेल काय? वहाण चालते, पट्टा चालतो, नाव खुपते. कारागीरही कित्येकदा नाव झाकू पाहील. पण त्याला ते झाकावेसे वाटावे, हा दोष त्याचा नव्हे, आपला. कोल्हापुरी वहाणेचेच पाहा. हिरड्याने व बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याच्या या वहाणेस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे प्रदेशास नाव मिळाले. २०२५ च्या जून महिन्यात मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने तशीच पादत्राणे कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा आपण सारे खवळलो, आणि तो संताप योग्यच होता. पण परक्याने गावाचे नाव गाळले म्हणून संतापणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांना पायांतली वहाण शिवणाराचे नाव ठाऊक होते?

हे नाव आपल्याकडे पूर्वीपासून नव्हतेच, असेही नाही. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावर, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील लेखांत, विधिक नावाच्या चर्मकाराचे दान नोंदलेले आहे; व्यवसाय लपविलेला नाही, नावासोबत खोदला आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेचे पाणी ज्या कृष्णेस मिळते, तिच्याच काठचा हा शिलालेख. त्या काळी जे दगडावर शोभले, ते आज कातड्यावर न शोभण्यास कारण नाही.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. आपल्या कुत्र्याच्या नावाचा पट्टा करावयास टाकणाऱ्या गृहस्थाने व गृहिणीने दुकानदारास आणखी एक ओळ सांगावी: आतल्या बाजूस, कारागिराची संमती असल्यास, त्याचे नाव किंवा तो निवडील ती खूण उमटवावी. वादीची आतली बाजू कोरीच असते. तेवढ्या जागेसाठी कोणाच्या नावाची अडचण होणार नाही. दुकानदार ‘नाव ठाऊक नाही’ म्हणाला, तर ‘हातकाम’ या शब्दाचे जादा दाम त्यास देऊ नये. ज्या हाताचे नाव सांगता येत नाही, त्या हाताच्या नावावर पैसे मागण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?