शेऱ्याचा रकाना

संगणकवाल्यांची एक लाडकी तक्रार आहे. "गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवं तेच कळत नाही!" हे वाक्य ऐकलं की मला सापगावचे मामा आठवतात आणि डोकं तापतं.

मामांची तिथे भाताची गिरणी. गेल्या वर्षी ठाण्याचा एक हुशार मुलगा त्यांना हिशेबाचा प्रोग्रॅम करून द्यायला आला. शर्ट इस्त्रीचा, सवड तासाभराची.

"काका, तुमच्या रिक्वायरमेंट्स सांगा."

"माल किती आला, किती गेला, भरडाई किती झाली. बस्स!"

मुलाने लिहून घेतलं, चहा घेतला आणि दीड महिन्याने प्रोग्रॅम आणून दिला. पहिल्याच दिवशी एक म्हातारी छापील चिठ्ठी नाचवत परत आली. चिठ्ठीवर भात जमा १०० किलो, तांदूळ देणे १०० किलो. गोणीत मात्र ६५! तूस, कोंडा, कणी या मंडळींना प्रोग्रॅममध्ये जागाच नव्हती.

"शेठ, माझं ३५ किलो कुठं गेलं?"

तीस वर्षांत मामांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा पाहवेना.

"तुम्ही सांगितलंच नाहीत," मुलगा म्हणाला.

"अरे बाबा, भाताला तूस असतं हेही सांगायचं?"

मामांनी 'बस्स' म्हणायची घाई केली, हे कबूल. तरी मी मामांच्याच बाजूचा. शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं, ते कुणी मुद्दाम सांगत नाही. शहरात भात कुकरमधून निघतो, सापगावात शेतातून. हा फरक ओळखणं पैसे घेणाऱ्याचं काम. नेमकं काय बनवायचं हे ठरवणंच सर्वांत अवघड, असं फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकतज्ज्ञाने १९८६ सालीच लिहून ठेवलंय.

ब्रुक्स लांबचे वाटत असतील तर जुना सातबारा काढा. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाचे रकाने वेगळे असत, निर्भेळ पिकाचे वेगळे, लागवडीला उपलब्ध नसलेल्या जमिनीचे वेगळे. ज्याने हा नमुना आखला तो बांधावर जाऊन आलेला असणार. शिवाय शेवटी 'शेरा'! म्हणजे, आम्हाला सुचलं नाही ते इथे लिहा. एवढी नम्रता आमच्या प्रोग्रॅमवाल्यांत कधी यायची?

मामांनी मग मुलाला दोन दिवस गिरणीतच बसवलं. तिसऱ्या दिवशी तो केसांत कोंडा आणि वहीत चार पानं प्रश्न घेऊन ठाण्याला गेला. प्रोग्रॅम आता झकास चालतो. रिक्वायरमेंट म्हणतात ती अशी नाकातोंडात गेल्याशिवाय कळत नाही!