शटर उचलणारा अदृश्य पार्टनर

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत विदर्भातली पब्लिक काही कमी नाही. दिवाळीत गाडी काढायची, समृद्धीवर टाकायची आणि थेट नागपूर गाठायचं, हा आता त्यांचा ठरलेला प्लॅन. हा महामार्ग डिसेंबर 2022मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून 2025मध्ये पूर्ण झाला. पण एकदा मेहकरला खाली उतरा आणि जुन्या रस्त्याने मालेगावकडे निघा. वाटेत डोणगाव लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकर तालुक्यातलं गाव. सकाळी दुकानं उघडायच्या वेळी पोहोचलात तर एक आवाज हमखास ऐकू येईल. खर्रर्र... खटाक! शटरं वर जातायत.

आता नीट बघा. साठी ओलांडलेले एखादे काका वाकतात, कुलूप काढतात, हँडलला हात घालतात आणि आठ फुटी लोखंडी पडदा सरसर वर. जिम नाही, प्रोटीन शेक नाही. कसं काय बुवा?

त्याचं उत्तर काकांच्या डोक्यावर, शटर गुंडाळलं जातं तिथे आहे. आत एक आडवा पाइप असतो आणि त्यावर डब्यासारखे गोल ड्रम. प्रत्येक ड्रममध्ये पोलादाची चपटी पट्टी चकलीसारखी गुंडाळलेली. तिचं आतलं टोक पाइपला अडकवलेलं, बाहेरचं ड्रमला. पाइप जागचा हलत नाही, ड्रम मात्र पडद्याबरोबर फिरतो. काल रात्री काकांनी शटर खाली ओढलं तेव्हा ही चकली आवळत गेली. काकांचा जोर आणि खाली येणाऱ्या पडद्याचं वजन, दोघांनी केलेलं काम त्या पोलादात जमा झालं. सकाळी तीच ठेव परत मिळते. थोडं घर्षणात जातं, तेवढंच काय ते काकांनी भरायचं.

हिशोब करू या. समजा पडदा 60 किलोचा आणि 2.4 मीटर उंच आहे. सगळा पडदा पूर्ण उंची चढत नाही. वरची पट्टी जेमतेम हलते, खालची पूर्ण चढते, सरासरी 1.2 मीटर. म्हणजे साधारण 700 ज्यूल. 60 किलोच्या माणसाने जिन्याच्या सात पायऱ्या चढण्याइतकं काम. रोज सकाळी एका हाताने हे करून दाखवा, मग बोलू!

आणि यात एक सॉलिड गंमत आहे. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लोंबतं आणि नेमकी तेव्हाच चकली सगळ्यात जास्त आवळलेली असते. पडदा वर जातो तसं लोंबणारं वजन घटतं आणि स्प्रिंगचा जोरही घटतो. म्हणून तर चांगलं बसवलेलं शटर अर्ध्यावर सोडलं तरी धाडकन खाली येत नाही.

या खानदानाला म्हणतात टॉर्शन स्प्रिंग. टॉर्शन म्हणजे पीळ. मात्र पीळ बसतो तो अख्ख्या स्प्रिंगला. आतली तार किंवा पट्टी खरं तर वाकते. जितकं पिळाल तितका उलटा जोर. रॉबर्ट हूकने 1678मध्ये स्प्रिंगचा हा नियम छापला होता. ऊर्जेचं गणित याहून तिखट आहे: दुप्पट पीळ, चौपट ऊर्जा.

आजूबाजूला बघा, हीच मंडळी भेटतील. कपड्यांचा चिमटा, परीक्षेच्या पॅडची क्लिप, केसांचा क्लचर, बाबांच्या चेतकची किक परत जागेवर आणणारी स्प्रिंग. साठवणं सगळ्यांचं सारखंच, फरक आहे तो सोडण्यात. उंदराचा सापळा सगळी ऊर्जा पापणी लवायच्या आत सोडतो. आजोबांच्या चावीच्या एचएमटीतली स्प्रिंग तीच ऊर्जा दिवसभर थेंबथेंब सोडते, कारण पुढे एक दातेरी चाक आणि त्याला टिक-टिक अडवणारा खटका बसलेला असतो. शटरच्या स्प्रिंगला अडवून धरतं ते पडद्याचं वजन.

खरा धोका इथेच आहे. शटर बंद करून, कुलूप घालून काका घरी गेले तरी ती ऊर्जा रात्रभर तिथेच टाइट बसलेली असते. फिटर शिडीवर चढून पाइप पान्याने स्प्रिंगला आधीच काही फेरे देऊन ठेवतो. त्या वेळी पाना निसटला तर तो सापळ्यासारखाच फिरतो, फक्त समोर उंदीर नाही, माणसाचं मनगट असतं. उलट स्प्रिंग तुटली की 60 किलो थेट खाली. पोलाद रोज वाकून थकतं, गंजाने आणखी लवकर, आणि बहुधा तुटतं ते अडकवलेल्या टोकापाशी.

तुटायच्या आधी ते बऱ्याचदा सांगतंही. ‘शटर लय जड चालून रायलं, भाऊ,’ ही वऱ्हाडातली तक्रार म्हणजे त्याचीच नोटीस. अशा वेळी चार पोरांनी मिळून जोर लावणं ही मर्दुमकी नाही. आधी पट्ट्यांतली घाण काढा, तेल द्या. तरी जड वाटलं तर कारागिराला बोलवा आणि तो वर काम करत असताना खाली सेल्फी काढत उभे राहू नका. ड्रम स्वतः उघडणं तर बिलकुल नको, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी.

तुमच्या ऑफिसखालच्या चहावाल्याचंही शटर असेलच. उद्या कटिंग घेताना सहज विचारा, हल्ली जड जातं का म्हणून. ‘हो’ म्हणाला, तर पहिला सल्ला तुमच्याकडून.