पाहुण्यांआधी गाव

पर्यटन हा आज परवलीचा शब्द झाला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार यांचे स्वप्न रंगविले आहे. स्वप्न पाहण्यास आमची हरकत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ज्या गावात पाहुणा उतरणार, त्या गावाला कोणी विचारले काय?

नाशिकचेच उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनची द्राक्षे लावली. २००१ साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क उभारले. शेतकऱ्यांनी विश्वासाने मांडव घातले. पुढे २००८-०९ ची मंदी आली, माल पडून राहिला आणि अनेकांनी आपल्याच हातांनी वेली उपटल्या. वाइनची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी खपत नाहीत, हे दुःख ज्याने भोगले त्यालाच ठाऊक! आज त्याच परिसरात चवघरे, निवासस्थाने आणि संगीत महोत्सव यांची चलती आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. गावच्या वाट्याला मात्र धूळ, कचरा आणि पहारेकऱ्याची नोकरी येणार असेल, तर त्याला विकास कोणत्या तोंडाने म्हणावे?

वाइनचा विटाळ मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. वेदीवरील द्राक्षारस आणि लग्नघरचा पेला या दोहोंशी आमचे नाते जुने आहे. परंतु २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा सारा वाद वाइन ही दारू की नव्हे यावरच रंगला. शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. त्याच्या ग्रामसभेचे नाव कोणाच्याच तोंडी नव्हते.

याचे मूळ कायद्यातच आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची सूची दिली. तीत पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, बाजार व जत्राही आहेत, पर्यटन नाही. यात्रेकरूंवर कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. मग पायी येणारा वारकरी कर देऊ शकतो, तर मोटारीने येणाऱ्या पर्यटकाने गावाला काहीच देऊ नये काय?

वसईकरांना हे नव्याने सांगावयास नको. दूरच्या कार्यालयात आखलेला विकास आपल्या बावखलांपर्यंत कसा पोहोचतो, टँकर विहिरींचा तळ कसा गाठतात, हे आपण पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तो विकासाच्या द्वेषातून नव्हे. आमच्या भूमीचे आम्हांला विचारा, एवढ्याच मागणीतून.

तीच मागणी आज पुन्हा करावयाची आहे. कोणत्याही पर्यटन प्रकल्पास परवानगी देण्यापूर्वी पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा. पर्यटकांच्या शुल्कातील ठरावीक हिस्सा पंचायतीच्या तिजोरीत पडावा. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा लाभ आधी लहान शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचावा; घरच्या जेवणाची पंगत वाढणाऱ्या बाईला कर्ज आणि परवाना सुलभ मिळावा.

आणि एक बोल स्वतःलाही लावून घेऊ. ग्रामसभेची तारीख फलकावर लागते, तेव्हा आपल्यापैकी किती जण घराबाहेर पडतात? मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहून कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांना पुढे गाव विकले गेल्याची तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. पाहुणचार हा आपला कुळाचार आहे. तो आपण सोडणार नाही. पण पाहुण्याला या म्हणण्याचा मान घरधन्याचा असतो. तो मान दुसऱ्याने बळकावला, तर आपल्याच घरात पाहुणे होण्याची पाळी आपल्यावर येईल.