व्हॅन डर वाल्स परीक्षेपुरताच का?

व्हॅन डर वाल्सचे समीकरण आपल्याकडे 'हमखास येणारा प्रश्न' म्हणून शिकवले जाते. रेणूंच्या परस्पर आकर्षणासाठी 'ए', त्यांच्या आकारमानासाठी 'बी', क्रांतिक स्थिरांकांची सिद्धता, की गुण पदरात! पुढे या समीकरणाचे काय झाले, हे विद्यार्थी विचारत नाहीत आणि आम्ही प्राध्यापकही सांगत नाही. हे बदलले पाहिजे.

१८७३ साली लायडनच्या प्रबंधात मांडलेले हे समीकरण क्रांतिक बिंदूपाशी संपीड्यता गुणक ०.३७५ देते. हायड्रोकार्बनांचा खरा गुणक बहुधा ०.२५ ते ०.२९. साहजिकच द्रवाची घनता पार चुकते. रेडलिख व क्वाँग यांनी १९४९ मध्ये, सोआव्हे यांनी १९७२ मध्ये आकर्षणाच्या पदाची डागडुजी केली. १९७६ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या पेंग व रॉबिन्सन यांनी तो आकडा ०.३०७ वर आणला. सांगाडा तोच राहिला. आज तेल व वायू यांच्या साठ्यांची गणिते मुख्यतः याच घराण्यातील समीकरणांवर चालतात.

ती हवीत कशाला? दाब उतरला की द्रवाची वाफ होते, एवढे आपण जाणतो. खोल खडकातील काही वायुसाठ्यांत नेमके उलटे घडते. दाब उतरता उतरता वायूतूनच द्रव सुटू लागतो आणि तो मौल्यवान द्रव खडकाच्या छिद्रांत अडकून बसतो. हे कोणत्या दाबाला सुरू होईल, किती द्रव सुटेल, वर काढलेला कोरडा वायू पुन्हा आत सोडणे परवडेल का, हे सारे समीकरणालाच विचारावे लागते.

मात्र त्याच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नये. हेप्टेन व त्यापुढचे जड घटक एकेक करून मोजणे शक्य नसते. त्यांची मोट बांधून प्रयोगशाळेतील आकड्यांशी मेळ बसेपर्यंत स्थिरांक हलवतात. वक्र छान जुळतो. पण हलवायला पुरेसे स्थिरांक हाती असले, की काय जुळत नाही? शिवाय मेळ बसला तरी प्रश्न उरतोच. १९७१ मध्ये सापडलेल्या अरुण वायुक्षेत्रात (नाव ओळखीचे, क्षेत्र मात्र सुमात्रातले) प्रयोगपात्रात सुटणारा द्रव जेमतेम एक-दीड टक्का होता. तरीही विहिरींभोवती तो साचत गेला आणि काही विहिरींची क्षमता निम्म्यावर आली. पात्रात काय घडेल ते समीकरण सांगते. खडकातून वाट कशी निघेल, ते नव्हे.

एक तासिका यासाठी द्यावी. शुद्ध ब्यूटेन घेऊन पेंग-रॉबिन्सन समीकरणाची मुळे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत. साधे गणकयंत्रही पुरते. तीन मुळे आली, की मधले का टाकायचे, हे मात्र फळ्यावर लिहून देऊ नये, त्यांनाच विचारावे.