पाण्यावर अर्धे तिकीट नसते

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि माजलगाव व मांजरा ही दोन मोठी धरणे, एवढीच काय ती येथील मोठ्या पाण्याची ओळख. आणि तीही पावसाच्या मर्जीवर अवलंबून. बीड शहरात प्रवासी आगगाडी यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. अशा जिल्ह्यातील माणसाला सुमारे चारशे किलोमीटरवरच्या समुद्राची ओढ वाटावी यात नवल नाही. महाराष्ट्र दर्शनाच्या रजा प्रवास सवलतीचा लाभ घेणारा शिक्षक असो की दिवाळीच्या सुटीसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकणारा कारकून असो, मुलाबाळांना एकदा तरी बोटीत बसवून आणावे ही त्याची इच्छा स्वाभाविक आहे. घारापुरीची लाँच, मांडव्याची रो-रो बोट, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी होडी हे त्या इच्छेचे नेहमीचे मुक्काम. आता त्यात मुंबईहून निघणाऱ्या पर्यटन जहाजांची भर पडली आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी निघू लागल्या, आणि सहकुटुंब सागरी सफर ही केवळ परदेशस्थ नातलगांच्या पत्रातून वाचण्याची गोष्ट उरली नाही.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. जमिनीवरच्या प्रवासाची जी सवय अंगवळणी पडली आहे ती घेऊनच ही कुटुंबे पाण्यावर जातात, आणि त्या सवयीचा पहिला नियम असा की लहान मूल हिशेबात धरायचे नाही. एस.टी.त पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे. मूल मांडीवर घ्यावे, दोघांच्या बाकावर तिघे बसावेत, यात कोणाला गैर वाटत नाही. बस रस्त्यावर उभी असते. चार डोकी जास्त झाली म्हणून ती बुडत नाही. बोटीचे तसे नाही. तेथे प्रत्येक देहाचे वजन असते, प्रत्येक जिवाला तरंगण्याचे साधन लागते, आणि अपघात झाला तर कोण सापडले व कोण राहिले हे यादीवरूनच कळते. तिकिटाची सवलत खुशाल द्यावी; परंतु मोजणीतून सूट देणे ही सवलत नव्हे, तो धोका आहे.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण कोकणाने पिढ्यान्पिढ्या जपली. राज्याने तिच्यापासून किती बोध घेतला याचे उत्तर १८ डिसेंबर २०२४ रोजी मिळाले. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. दोष धडक देणाऱ्या नौकेकडे होता हे उघड आहे. परंतु ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या बोटीवर शंभरावर माणसे होती, आणि जीवरक्षक जाकिटे बहुतेकांच्या अंगावर नव्हती, हे दोष त्या नौकेच्या माथी मारता येत नाहीत. एकूण पंधरा जीव गेले. शेवटचा देह तीन दिवसांनी हाती आला, तो सात वर्षांच्या मुलाचा होता.

त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली; बारा मुले व दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेहून अधिक मुले बसविली होती आणि बहुतेकांना जाकीट मिळालेले नव्हते. तो समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही घटना ध्यानात ठेवावी अशी आहे. कारण सहलीवर गेलेल्या मुलांचा पालक तो स्वतःच असतो.

यावर कोणी म्हणेल की ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे लेकरांसह ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे जहाजाच्या सफरीची चर्चा म्हणजे चैन. आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहाजण बुडाले, त्यांत एक जोडपे आणि त्यांची दोन चिमुकली होती. ती माणसे नित्याच्या वाटेने पैलतीरी निघाली होती; सहलीला नव्हे. म्हणजे बोटीत मुलाची मोजणी व्हावी की नाही, हा प्रश्न श्रीमंताच्या जहाजाचा तितकाच गरिबाच्या होडीचा आहे. फरक एवढाच की जहाजावर नियम पाळले जातात आणि होडीवर ते कोणी विचारीतही नाही.

ते नियम कोणते हे जाणून घेण्यासारखे आहे. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर दोन वर्षांनी सागरी जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे तो वेळोवेळी कडक होत गेला. त्यानुसार जहाजावरील प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे जाकीट असलेच पाहिजे. तान्ह्या मुलांसाठी वेगळी जाकिटे ठेवावी लागतात. जहाज सुटण्यापूर्वी सर्व माणसांची मोजणी करावी लागते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर, २०१५ पासून, ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील अर्भकाला जहाजावर घेत नाहीत, तेही याच सावधगिरीपोटी. सफरीला जाणाऱ्या पालकांनी ही कवायत कंटाळवाणी समजून टाळू नये, आणि मुलाला पोहण्याच्या तलावापाशी किंवा सज्जात क्षणभरही एकटे सोडू नये. एवढ्या मोठ्या जहाजावर लहान मुलाला बुडण्यासाठी समुद्र लागतोच असे नाही.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने ही सारी कलमे त्यात आहेत. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. तिकीट घेताना बोटीची क्षमता किती, हे विचारणारा प्रवासी विरळा. जाकीट मागितले तर भित्रा ठरण्याची लाज वाटते. मागून मिळालेच तर ते मोठ्या माणसाचे असते, आणि मोठ्याचे जाकीट लहान मुलाच्या अंगात घालणे म्हणजे नुसते समाधान. पाण्यात पडताच ते वर सरकते आणि मूल त्यातून निसटते.

वस्तुतः ही सावधगिरी मराठवाड्याला परकी नाही. येथील मुले पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधूनच विहिरीत पोहायला शिकत आली. भोपळा बांधणारा बाप भित्रा नव्हता. पाणी काय असते हे त्याला ठाऊक होते. विहिरी आटल्या, त्यांची जागा कूपनलिकांनी घेतली, आणि पोहणे न शिकताच अनेक मुले मोठी होऊ लागली. ज्या मुलाने खोल पाणी कधी पाहिलेले नाही, त्याला तर तो भोपळा अधिकच हवा.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक धक्क्यावर बोटीची क्षमता मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. मांडीवरच्या तान्ह्यासह प्रत्येक जीव पूर्ण एक म्हणून मोजावा आणि मुलांची वये यादीत लिहावीत. मुलांच्या मापाची जाकिटे नसतील तर मुले घेऊन बोट सोडू नये. शाळेच्या सहलीला मंजुरी देताना बसच्या कागदपत्रांबरोबर बोटीचीही चौकशी व्हावी. उद्या माजलगाव किंवा मांजरा जलाशयावर नौकाविहाराची योजना पुढे आली, तर तिचे उद्घाटन होण्यापूर्वी या चार अटी पुऱ्या झाल्या आहेत का, हे जिल्ह्यातील पालकांनी आणि शिक्षकांनी विचारावे. आणि तोवर जो पालक धक्क्यावर उभा राहून मुलाच्या मापाचे जाकीट मिळेपर्यंत बोटीत पाय ठेवण्याचे नाकारील, त्याला रांगेतल्या इतरांनी खोळंबा केला म्हणून हसू नये. त्याच्या मागे उभे राहावे.