आधी नोंद, मग जेसीबी

मुळशी तालुक्यातले नेरे हे गाव हिंजवडी आयटी पार्कपासून जवळच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव असलेल्या सात गावांत त्याचेही नाव आहे. अशा गावांत जमिनीचा कायापालट व्हायला पिढी लागत नाही, एक हंगाम पुरतो. मुळशी-मावळच्या पट्ट्यात घनगडासारखे किल्ले आहेत, कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा आहेत आणि गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळ, सतीशिळा, पडझड झालेल्या मंदिरांचे घडीव दगड आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांची संख्या देशभरात सुमारे 3,700 आहे. राज्याची यादी धरली तरी गावातले बहुतेक अवशेष दोन्हींच्या बाहेरच राहतात आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेवर तग धरून असतात. म्हणून माझे म्हणणे असे की, डिजिटल तंत्रज्ञान पुरातत्त्वासाठी वापरायचे तर ते आधी या बेवारस अवशेषांच्या नोंदीसाठी वापरले पाहिजे, आणि ही नोंद झाल्याशिवाय कोणत्याही मोठ्या बांधकामाला परवानगी मिळता कामा नये.

हे काम किती आवाक्यातले आहे, ते एका वीरगळावरून समजेल. खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, त्याच्या वर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. ऊन-पाऊस आणि शेंदराच्या पुटांखाली हे कोरीवकाम इतके बुजते की समोरून काढलेल्या एका फोटोत फारसे काही दिसत नाही. तोच दगड चारही बाजूंनी, एकमेकांवर बऱ्यापैकी चढणाऱ्या शंभरेक फोटोंत टिपला, शेजारी मोजपट्टी ठेवली, तर संगणक त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. मग पडद्यावर प्रकाश हवा त्या कोनातून टाकता येतो आणि झिजलेली रेघ पुन्हा वाचता येते. त्यासाठी साधा मोबाइलही चालतो. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आसपास काय आहे, एवढे लिहिले की ती नोंद संशोधनाच्या कामाची होते.

ग्वाटेमालाच्या जंगलाखाली दडलेली 60,000 हून अधिक माया बांधकामे विमानातून लेसरने जमीन मोजणाऱ्या लायडार तंत्राने दाखवली, हे जगाला 2018 मध्ये कळले. ते तंत्र आपल्यालाही हवेच. पण त्यासाठी थांबून राहायचे कारण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पे स्थानिक अभ्यासकांनी पायपीट करून शोधली. कशेळीच्या सुमारे 18 मीटर लांबीच्या हत्तीसारखी भव्य शिल्पे ड्रोनमुळे एका नजरेत आली आणि 2022 मध्ये ही स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोहोचली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा तिथली शिल्पे आधीच नोंदलेली होती, म्हणून त्यांचे काय होणार हा प्रश्न तरी विचारता आला. बेंगळुरूत मिथिक सोसायटीच्या उपक्रमातून शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग होते आहे. एका आयटी शहराला जे जमते, ते हिंजवडीच्या परिसराला का जमू नये?

यावर आक्षेप आहेत आणि ते बिनबुडाचे नाहीत. जागा जाहीर केल्या तर गुप्तधनवाले आणि मूर्तिचोर पोहोचतील, हा पहिला. त्यासाठी लोकांपुढच्या नकाशात फक्त गाव दाखवावे. नेमकी जागा पुरातत्त्व विभाग आणि नियोजन प्राधिकरणाकडे ठेवावी. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केले. त्याचे छापील अहवाल आजही कोणीही उघडून वाचू शकतो, पण पंधरा वर्षांपूर्वीची सीडी उघडेलच असे नाही. म्हणून मूळ फोटो किमान दोन संस्थांत जपावेत आणि प्रत्येक नोंदीचा छापील गोषवारा ग्रामपंचायतीत असावा. तिसरा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो: प्रतिकृती झाली, आता दगड हलवायला हरकत नाही, असे कोणीतरी म्हणेल. वीरगळ कुठे उभा आहे, यातच त्याचा निम्मा इतिहास असतो. वेशीवरचा दगड सोसायटीच्या बागेत नेला की तो शोभेची वस्तू होतो. नोंद हा दगड हलवण्याचा परवाना नव्हे, हे नियमातच स्पष्ट लिहावे लागेल.

म्हणून मागणी सरळ आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) विकास आराखड्यात रस्ते आणि आरक्षणांबरोबर पुरावशेषांचाही थर असावा. गावकऱ्यांनी जागा दाखवाव्यात, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी टिपण करावे, तज्ज्ञांनी ते तपासावे आणि बांधकामाचा अर्ज आला की अधिकाऱ्याने तो थर उघडून पाहणे बंधनकारक असावे. शहर वाढणार, याबद्दल तक्रार नाही. मात्र जे हरवेल ते काय होते, हेही ठाऊक नसणे हा नुकसानीचा सर्वांत वाईट प्रकार आहे आणि तो टाळण्याइतकी साधने आज प्रत्येक गावात आहेत.